स्टिकर कुणाचा, सीट कुणाची?

शर्यतीची गाडी आधी वाचावी, मग पाहावी. नाकावर कुणाचं नाव, साइडपॉडवर कुणाचं, मागच्या पंखावर कुणाचं, हेल्मेटच्या काचेवरच्या अरुंद पट्टीत कुणाचं? गणपतीच्या मंडपासमोरच्या कमानीवर सराफ मधोमध आणि झेरॉक्सवाला कोपऱ्यात असतो, तसाच इथलाही हिशेब. जेवढा पैसा, तेवढी जागा.

यंदा संपादकांनी 'खेळातला पैसा' हा विषय दिला आणि क्रिकेट वगळायचं, अशी अटही घातली. तेव्हा मला 2024 च्या मे महिन्यातली एक गाडी आठवली. क्रमांक 51, शर्यत इंडियानापोलिस 500. ही शर्यत 1911 पासून भरते. तेहतीस गाड्या, दोनशे फेऱ्या, पाचशे मैल आणि तीन लाखांच्या आसपास प्रेक्षक. इंजिन ऑइल, टायर, बँका आणि बिअर यांच्या नावांच्या त्या गर्दीत एका गाडीची मुख्य प्रायोजक होती लिपस्टिक, प्रायमर आणि लिप ऑइल विकणारी एल्फ ही कंपनी. या शर्यतीत सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड मुख्य प्रायोजक म्हणून पहिल्यांदाच उतरला होता. गाडीत होती ब्रिटिश चालक कॅथरिन लेग आणि या खर्चामागे होती कंपनीची मार्केटिंग प्रमुख कोरी मार्किसोटो.

एक बाई गाडी चालवते, याचं कौतुक आपण करतो. दुसरी बाई त्या गाडीचं बिल मंजूर करते, तिच्याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. या लेखासाठी मी जी फिरले, ती त्या दुसऱ्या बाईच्या टेबलाभोवती.

ओठांना ऑइल

एल्फ ही 2004 मध्ये सुरू झालेली, कॅलिफोर्नियातली स्वस्त प्रसाधनांची कंपनी. मार्किसोटो तिथे 2019 मध्ये आली, त्याआधी ती शिसेडो समूहात होती. टीव्हीवरच्या गुळगुळीत चेहऱ्यांवर भिस्त ठेवण्यापेक्षा गिऱ्हाईक जिथे रमलेलं असतं तिथे जाऊन उभं राहायचं, ही तिच्या कारकिर्दीतली एल्फची रीत. टिकटॉक झालं, अमेरिकी फुटबॉलच्या सुपर बोलमधली जाहिरात झाली. 2024 च्याच मे महिन्यात अमेरिकी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर रिचर्ड नावाच्या पुरुषांची किती गर्दी आहे, यावर तिच्या कंपनीनं बोचरी मोहीम काढली. त्याच महिन्यात गाडीही ट्रॅकवर आली.

या निर्णयात उपकाराचा भाग कमी आणि हिशेबाचा जास्त होता, आणि तीच त्याची ताकद होती. मोटर शर्यतींचा प्रेक्षक म्हणजे हातात बिअर घेतलेला पुरुष, असं वर्षानुवर्षं गृहीत धरलं गेलं. फॉर्म्युला वन स्वतःच आता सांगतं की त्यांच्या चाहत्यांत सुमारे चाळीस टक्के महिला आहेत. त्या बायका स्टँडमध्ये बसलेल्या असताना त्यांना काही विकायला मात्र कुणी आलेलं नव्हतं. मार्किसोटोला ही रिकामी जागा दिसली. इंडियानापोलिसला प्रेक्षकांच्या आवारात एल्फनं स्टॉल टाकला. गाडीचं ऑइल बदलतात, तसं इथे ओठांना लिप ऑइल लावून मिळत होतं.

शर्यतीत लेगनं एकतिसाव्या क्रमांकावरून सुरुवात केली आणि बावीस फेऱ्यांनंतर गाडी बिघडून थांबली. खेळाच्या नजरेनं पाहिलं तर हा दिवस फुकट गेला. मार्केटिंगच्या वहीत तसं लिहिलं गेलं नाही. 2025 मध्ये लेग नॅसकार या अमेरिकी शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेत उतरली, 2018 नंतर तिथे शर्यत करणारी ती पहिली महिला. तिथेही एल्फ तिच्याबरोबर गेली. सुरुवातीच्या शर्यतींत तिच्या गाडीचे अपघात झाले आणि समाजमाध्यमांवर तिला धमक्यांपर्यंत शिव्या खाव्या लागल्या. अशा वेळी बरेच प्रायोजक हळूच बाजूला होतात, एल्फ राहिली. उन्हाळ्यातल्या शिकागोच्या रस्त्यांवरच्या शर्यतीत ती एकोणिसावी आली, ती अजून सीटवर होती म्हणूनच.

पहिलेपणाचा पैसा

बायकांच्या गाड्यांवर पैसा याआधीही लागलेला आहे. इटलीची लेला लोम्बार्डी 1975 मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीत होती, तेव्हा तिच्यामागे लावाझा ही कॉफी कंपनी होती. त्या वर्षीच्या स्पॅनिश ग्रां प्रीत ती सहावी आली. शर्यत अर्ध्यातच थांबवल्यामुळे तिला अर्धा गुण मिळाला. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत महिलेनं मिळवलेला तो आजवरचा एकमेव गुणांश.

अमेरिकेत जॅनेट गथ्रीची गोष्ट मार्किसोटोच्या गोष्टीच्या जास्त जवळची आहे. 1976 मध्ये गथ्री नॅसकारमध्ये उतरली, ती लिंडा फेरेरीच्या मालकीच्या गाडीतून. फेरेरी शार्लटमधल्या एका बँकेत उपाध्यक्ष होती. म्हणजे तेव्हाही चेकवर सही करणारी बाईच होती. पुढे या गाडीवर 'केली गर्ल' हे नाव आलं. कार्यालयांना तात्पुरत्या टायपिस्ट आणि कारकून मुली पुरवणारी ही कंपनी. आपली गिऱ्हाइकं कोण आणि आपल्याकडे काम करणाऱ्या कोण, हे तिला नेमकं ठाऊक होतं.

1977 मध्ये गथ्री इंडियानापोलिस 500 मध्ये उतरणारी पहिली महिला ठरली. 1978 मध्ये टेक्साको या तेल कंपनीच्या पैशावर तिनं स्वतःचा संघ उभा केला, शर्यतीच्या दोनच दिवस आधी मनगट मोडलं, ते लपवून तिनं गाडी चालवली आणि ती नववी आली. एखाद्या पुरुषाला या निकालावर पुढची दोन-चार वर्षं सहज मिळाली असती. गथ्रीला मात्र काही काळानं प्रायोजक मिळेनासे झाले आणि कारकीर्द तिथेच आटोपली. 'पहिली महिला' ही बातमी छापून झाली होती. 'नववी आलेली चालक' विकायला कुणी तयार नव्हतं.

लिन सेंट जेम्सनं 1992 मध्ये इंडियानापोलिस गाठलं तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. त्याआधी दीडशेच्या आसपास कंपन्यांनी नकार दिल्याचं ती सांगत असे. शेवटी 'हो' म्हणाली ती जेसी पेनी, म्हणजे जिथे बायका कपडे आणि चादरी घ्यायला जातात ती दुकानांची साखळी. ती अकरावी आली आणि त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित ठरली.

यात एक सूत्र दिसतं. बाईच्या गाडीवर पैसा लावायला आधी पुढे येतात ते बायकांना काही विकणारे किंवा बायकांना कामावर ठेवणारे. तेल, टायर आणि बिअरवाल्यांना मात्र ती बातमीत असेपर्यंतच हवी असते.

हेल्मेटच्या आतला चेहरा

पुण्यातल्या एका तरुण महिला चालकानं मला तिची 'डेक' दाखवली. डेक म्हणजे प्रायोजकांना पाठवायचं सादरीकरण. पहिल्या पानावर फोटो, मग निकाल, मग इन्स्टाग्रामवरचे आकडे, मग गाडीचं रेखाचित्र आणि त्यावर रिकाम्या चौकटी. 'इथे तुमचं नाव.' शेवटच्या पानावर दर. कंपन्यांकडून येणाऱ्या उत्तरांत एक विनंती पुन्हा पुन्हा येते, असं ती म्हणाली. हेल्मेट काढलेले फोटो आणखी पाठवा.

विनंती साधी वाटते, पण तिच्यामागे या खेळाची एक अडचण आहे. फलंदाजाचा चेहरा दिसतो, बॅडमिंटनपटूचा दिसतो. चालक मात्र शर्यतभर झाकलेला असतो. त्यामुळे जाहिरातदाराला ट्रॅकबाहेरचा चेहरा लागतो, आणि चालक बाई असली की चेहऱ्यावरून गोष्ट लगेच दिसण्यावर येते. डॅनिका पॅट्रिकनं 2008 मध्ये जपानच्या मोटेगीत इंडीकार या अमेरिकी मालिकेतली शर्यत जिंकली. असा विजय मिळवणारी ती पहिली महिला. पण अमेरिकेतल्या घराघरात ती पोचली वेबसाइटची नावं विकणाऱ्या गोडॅडीच्या सुपर बोलमधल्या चावट जाहिरातींमुळे. त्या पैशावर तिला उत्तम संघ मिळाले, हेही तितकंच खरं. 2015 अखेर गोडॅडी बाहेर पडली. पुढचा प्रायोजक होता अंजिराचे बार बनवणारा एक ब्रँड. पॅट्रिक प्रतिस्पर्ध्यांची उत्पादनं मिरवते, असा आरोप करत त्यानंही करार अर्ध्यावर सोडला. प्रकरण कोर्टात गेलं. 2017 च्या अखेरीस तिची सीट गेली. 2018 मध्ये निरोपाच्या शर्यतींपुरती गोडॅडी परत आली.

सगळं वजन एकाच नावावर टाकलं, की ते नाव निघाल्यावर काय होतं, ते इथे दिसतं. करारात 'श्रेणीत एकमेव' असं कलम असतं, म्हणजे त्याच प्रकारचा दुसरा ब्रँड घेता येत नाही. शिवाय बाहेर पडायची वाट असते, आणि ती बहुतेकदा कंपनीच्या बाजूनं उघडते.

पैसा कुठे बसतो

प्रायोजकाचा पैसा तीन ठिकाणी बसू शकतो. संघावर, चालकावर किंवा मालिकेवर. तिन्हींचे परिणाम वेगळे.

पैसा संघाच्या खात्यात गेला की काय होतं, याचा अनुभव लेगलाच आहे. 2012 मध्ये ट्रूकार या कंपनीनं सहा महिला चालकांना पाठबळ देणारा उपक्रम काढला होता आणि लेग त्यांतली एक होती. त्याच जोरावर तिला इंडीकारमध्ये जागा मिळाली. 2013 चा हंगाम सुरू होण्याआधी संघानं तिला वगळलं. आपण आणलेला प्रायोजक तिथेच राहिला आणि आपण बाहेर पडलो, अशी तिची जाहीर तक्रार होती. स्टिकर राहिला, सीट गेली. त्यामुळे एल्फसारखी कंपनी संघ बदलला, मालिका बदलली तरी चालकामागे जाते, तेव्हा तिचं महत्त्व फक्त रकमेपुरतं उरत नाही.

मालिकेवर पैसा लावण्याचा मोठा प्रयोग म्हणजे डब्ल्यू सिरीज. 2019 मध्ये सुरू झालेल्या या महिलांच्या मालिकेत चालकांकडून एक पैसाही घेतला जात नसे. जेमी चॅडविक तिन्ही वेळा विजेती ठरली. पण 2022 मध्ये पैसा आटला, शेवटच्या तीन शर्यती रद्द झाल्या आणि पुढच्या वर्षी कंपनीवर प्रशासक आला.

त्यातून धडा घेऊन फॉर्म्युला वननं 2023 मध्ये एफ वन अकॅडमी काढली, प्रमुख सुझी वुल्फ. ती स्वतः 2014 मध्ये सिल्व्हरस्टोनच्या सरावात फॉर्म्युला वनची गाडी चालवलेली चालक. इथला हिशेब वेगळा आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक गाडीमागे फॉर्म्युला वननं दीड लाख युरो घातले आणि चालकांनाही तेवढेच उभे करावे लागले. पुढच्या वर्षी चालकाचा वाटा एक लाखावर आला. 2024 पासून फॉर्म्युला वनच्या दहाही संघांना आपल्या रंगातली एक-एक गाडी उतरवणं भाग पडलं. उरलेल्या गाड्या ब्रँडना मोकळ्या झाल्या आणि तिथे शार्लट टिलबरी आली, एका बाईनं उभा केलेला आणि मेकअप विकणारा ब्रँड. फॉर्म्युला वनसारखी भक्कम मालक असलेली मालिका आणि तिच्यावर बाहेरच्या ब्रँडचा थर, अशी ही दुहेरी रचना. एक प्रायोजक गेला तरी मालिका उभी राहते.

कोइम्बतूरचा उतार

हे सगळं परदेशात. आपल्याकडे काय, हे बघायला मी कोइम्बतूरच्या चेट्टीपाळयमला, करी मोटर स्पीडवेला गेले. हा ट्रॅक ज्यांच्या नावानं आहे, त्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकात मारुती 800 चं इंजिन घालून शर्यतीच्या गाड्या बनवल्या आणि सामान्य घरातल्या पोरांना हा खेळ जवळ आणला. 1995 मध्ये विमान अपघातात ते गेले.

इथे आलं की भारतीय शर्यतीचं अर्थकारण शब्दशः वाचता येतं. आपल्याकडे गाडीवर तर नावं असतातच, पण शर्यतीच्या वर्गालाही कंपनीचं नाव असतं. एलजीबी फॉर्म्युला फोर हे नाव कोइम्बतूरच्या साखळ्या बनवणाऱ्या कंपनीचं. स्पर्धा जेके टायरची, चेन्नईकडची एमआरएफची. दुचाकींमध्ये टीव्हीएस. म्हणजे दोन-तीन उद्योगांनी हा खेळ अंगाखांद्यावर वाढवला आहे. त्यांच्या मार्केटिंग विभागात जो निर्णय होतो, तोच खेळाचं धोरण होऊन बसतो.

पॅडॉकमध्ये उन्हाचा तडाखा. टायरवर ताडपत्री, मेकॅनिक गाडीखाली आडवे, कुणी अडकलेला बोल्ट सोडवतंय. अग्निरोधक सूट कमरेपर्यंत उतरवून बाह्या पोटाशी गाठ मारून फिरणारे चालक. त्यांत मुली थोड्या, पण त्यांच्यासाठी वेगळी शर्यत नाही. दिवा विझला की सगळे एकत्र सुटतात. या खेळाचं हे वैशिष्ट्य फारसं लक्षात घेतलं जात नाही: इथे बाई आणि पुरुष एकाच निकालपत्रकात मोजले जातात.

वेग कुठून येतो, असं तिथल्या जुन्या मेकॅनिकांना विचारलं तर ते सरावाच्या दिवसांकडे बोट दाखवतात. सरावाचा एक दिवस म्हणजे ट्रॅकचं भाडं, इंधन, टायरचा जोड, मेकॅनिकचा रोज. गाडी ठोकली तर दुरुस्तीचं बिल चालकाच्या नावावर. ज्याच्याकडे पैसा आहे, तो वळणावर थोडा उशिरा ब्रेक मारून बघतो. ज्याच्याकडे नाही, त्याला आधी बिलाचा आकडा आठवतो. अपुरं पाठबळ असलेली मुलगी जपून चालवते आणि लोक म्हणतात, बायका जपूनच चालवतात.

जेके टायरनं 'विमेन इन मोटरस्पोर्ट' उपक्रमातून अहुरा रेसिंगबरोबर सर्व महिलांचा संघ एलजीबी फॉर्म्युला फोरमध्ये उतरवला होता. मराठी चित्रपटांतली अभिनेत्री मनीषा केळकरही या वर्गात धावली. याच उपक्रमाच्या 2018 च्या निवडीतून पुण्याची शिक्षिका डायना पुंडोळे पुढे आली. 2024 मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर तिनं एमआरएफच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलून गाड्यांच्या वर्गाचं विजेतेपद मिळवलं. कार रेसिंगमध्ये राष्ट्रीय विजेती झालेली ती पहिली भारतीय महिला.

दोन टक्क्यांची भिंत

एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. 'कंपन्यांचा सीएसआरचा पैसा असतोच की', असं मला अनेकांनी सांगितलं. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि त्या यादीत खेळांचं प्रशिक्षणही आहे. पण 2021 च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केलं आहे की ज्या प्रायोजकत्वातून कंपनीला मालाच्या विक्रीसाठी फायदा मिळतो, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे मुलीला शिकवायला तो पैसा चालेल, पण तिच्या गाडीवर लोगो चिकटवून तो दाखवता येणार नाही. त्यामुळे सीटचा पैसा मार्केटिंगच्या खात्यातूनच येणार, आणि तो मंजूर करणारी व्यक्ती मार्केटिंगचीच असणार.

त्या खोलीत कुठली गोष्ट चटकन मंजूर होते? एका दिवसाचा कार्यक्रम. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन बायकांची 'रॅली टू द व्हॅली' भरवते. सजवलेल्या गाड्या, ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर गाठायचं गणित, मैत्रिणी-मैत्रिणी. मजेचा आणि घरच्या गाडीत चालकाच्या सीटवर बायकांना बसवणारा कार्यक्रम आहे. तिथे प्रायोजक हसत येतात, कारण सकाळी झेंडा, संध्याकाळी फोटो आणि दुसऱ्या दिवशी बातमी. याच कंपन्यांकडे एका चालकासाठी वर्षाची सीट मागितली की विषय पुढच्या तिमाहीत ढकलला जातो.

नियमानं थोडं काम होतं. 2022 मध्ये सुरू झालेल्या इंडियन रेसिंग लीगमध्ये प्रत्येक संघाच्या चार चालकांत एक महिला असते. जॉन अब्राहमच्या गोवा एसेसमध्ये चेक प्रजासत्ताकाची गॅब्रिएला यिल्कोवा धावली. बाकीच्या संघांतल्याही अशा बऱ्याच जागांवर युरोपातून चालक आणाव्या लागल्या. जागा तयार होती, पण तिथवर पोचणाऱ्या मुली आपल्याकडे पुरेशा घडलेल्या नव्हत्या.

कोल्हापुरात, रविवारी

त्या घडतात कुठे, तर गो-कार्टच्या ट्रॅकवर, आठ-दहा वर्षांच्या असताना. कोल्हापूरला या खेळाचं वेड जुनं आहे. इथल्या मुलांनी परदेशी मालिकांत शर्यती जिंकल्या आहेत. रविवारी ट्रॅकवर गेले तर कुंपणाला लागून पालकांची रांग होती. एका बापानं मुलीच्या फेऱ्यांच्या वेळा शाळेच्या वहीत मांडून ठेवल्या होत्या. पोरगी पोरांना मागं टाकते याचा त्याला अभिमान होता, काळजी होती ती पुढच्या टायरची. तिच्यावर आजवरचा सगळा खर्च त्याच्या वर्कशॉपच्या कमाईतून झालेला. प्रायोजकांकडे जायचं तर आधी एखादं मोठं पदक दाखवा, असं त्याला सांगितलं जातं. पदकासाठी पैसा आणि पैशासाठी पदक, या फेऱ्यात तो अडकलेला.

फॉर्म्युला वनपर्यंत एका चालकाला पोचवायला सुमारे ऐंशी लाख युरो लागतात, असा अंदाज मर्सिडीज संघाचा प्रमुख टोटो वुल्फ यानं मागे मांडला होता. हा खर्च चालक अठरा वर्षांचा होण्याच्या बराच आधी सुरू होतो. कंपन्या मात्र शिडीच्या वरच्या पायरीवर थांबतात, कारण कॅमेरे तिथे असतात. अमेरिकेत बुश लाइट या बिअर ब्रँडनं 2022 मध्ये महिला चालकांसाठी तीन वर्षांत एक कोटी डॉलरची योजना जाहीर केली. पण बिअरच्या जाहिरातीमुळे वयाची अट एकवीस वर्षांची. शिडीचा खालचा भाग पुन्हा बापाच्याच खिशावर.

दुसऱ्या वर्षाची ओळ

मार्केटिंगमधल्या बायका आता मोठ्या पदांवर आहेत. त्यांतल्या काहींशी बोलले. महिला चालकाचा प्रस्ताव पहिल्यांदा मंजूर करून घेणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही, यावर त्यांचं एकमत होतं. आठ मार्च जवळ असतो, वरिष्ठांना कल्पना आवडते, फोटो छान येतात. खरी झुंज होते ती पुढच्या अंदाजपत्रकात. चालक अकरावी किंवा सतरावी आलेली असते, गाडी एकदा भिंतीवर गेलेली असते, 'पहिली महिला' ही बातमी शिळी झालेली असते. तेव्हा हिशेबाच्या तक्त्यातली ती ओळ कुणी तरी पुसायला सांगतं आणि ती राखायला कुणाला तरी खुर्चीतून उठून बोलावं लागतं. त्यासाठी हातात आकडे लागतात: ही गिऱ्हाइकं आपली आहेत, ती अमुक इतकी आहेत आणि आपण निघालो तर दुसरा ब्रँड तिथे बसेल. उपकाराची भाषा पहिल्या वर्षी चालते. दुसऱ्या वर्षी फक्त हिशेब टिकतो.

मार्किसोटोकडून आपल्याकडच्यांनी घ्यायचं ते हेच. पैसा चालकाच्या नावाशी बांधा, आणि तो करार एका हंगामापेक्षा मोठा ठेवा. पुंडोळेची निवड झाली 2018 मध्ये आणि विजेतेपद आलं 2024 मध्ये. मार्केटिंगचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं. निवड आणि विजेतेपद यांच्यामध्ये अशी सहा वर्षं गेली, आणि दर मार्चला ती ओळ पुसायला सांगणारं कुणी ना कुणी असतंच.